एकच आयपी पत्ता दोन घरांत कसा?

प्रश्न : मी खारदांड्याला राहते. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ टाकलं की पत्ता १९२.१६८.१.५ दिसतो. वर्सोव्याला मावसबहिणीच्या लॅपटॉपवरही हुबेहूब तोच निघाला. एका पत्त्यावर आम्ही दोघी कशा? आणि मधूनच तिथे १६९.२५४ ने सुरू होणारा आकडा येतो, तेव्हा नेट चालत नाही. तो कुठून येतो?
– एक वाचक, खारदांडा

उत्तर : तुम्ही बरोबर हेरलंत, पण यात घोटाळा काही नाही. ३०४ नंबरचा फ्लॅट खारच्या इमारतीत असतो आणि वर्सोव्याच्याही; एका इमारतीत तो एकच असला की झालं. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते असेच घरातल्या घरात वापरायचे. १९९६ च्या नियमाने ते खासगी नेटवर्कसाठी राखून ठेवले आहेत.

बाहेरच्या जगाला दिसतो तो राउटरचा दुसरा पत्ता. तोही आता एकट्या तुमच्या घराचा असेलच असं नाही. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे पत्ते सगळे मिळून सुमारे ४३० कोटी, आणि त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपला. म्हणून इंटरनेट पुरवणारे अनेक घरं एकाच पत्त्यामागे बसवतात. राउटरच्या सेटिंगमध्ये बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला दिसला, तर तुमचंही तसंच आहे.

आता १६९.२५४. हा पत्ता तुम्हाला कोणीच दिलेला नसतो. लॅपटॉप नेटवर्कला जोडला गेला की पत्ता मागतो. राउटरमधली डीएचसीपी नावाची सोय तो ठरावीक मुदतीपुरता देते. ‘आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल’ टाकून पाहा, पत्ता कधी मिळाला आणि मुदत कधी संपते हे तारीख-वेळेसह लिहिलेलं असतं. मागूनही उत्तर आलं नाही, तर विंडोज स्वतःच १६९.२५४ च्या गटातला एक आकडा घेते. म्हणजे अडचण बहुधा घरातच आहे: राउटर, वायर किंवा वाय-फाय. कंपनीला फोन लावण्याआधी ते तपासा. मग ‘आयपीकॉन्फिग स्लॅश रिलीज’ आणि त्यानंतर ‘आयपीकॉन्फिग स्लॅश रिन्यू’. पहिल्याने जुना पत्ता सुटतो, दुसऱ्याने नवा मागितला जातो. मला ही काळी खिडकी आवडते ती यासाठीच. ‘इंटरनेट नाही’ एवढंच सांगून ती थांबत नाही, गाडी कुठे अडली तेही दाखवते.

लिनक्सवर हेच काम ‘आयपी’ ही कमांड करते. १९८० च्या दशकातली ‘आयएफकॉन्फिग’ मॅकवर अजून चालते. लिनक्सवर ‘आयपी’ने हाताने घातलेला पत्ता मशीन पुन्हा सुरू केलं की पुसला जातो, त्यामुळे निर्धास्तपणे करून पाहा. प्रिंटरला मात्र कायमचा पत्ता हवा असेल तर तो राउटरमध्येच राखून ठेवा. मनाने एखादा आकडा घातलात आणि राउटरने तोच कुणाच्या मोबाइलला दिला, तर दोघांचंही नेटवर्क अडखळतं.