चिमणीचा दाणा आणि तरफेचा नियम

गच्चीवर चिमण्यांसाठी मूठभर बाजरी टाकली, की आधी उतरतात ते पारवे. पाठोपाठ साळुंक्या आणि कावळे. चिमणी बिचारी कठड्यावरून पाहत राहते. थोरांना हाकलू गेलो तर तीच आधी उडते! शिवाय पारव्यांची गर्दी वाढवणे बरेही नव्हे. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीने फुफ्फुसांचे विकार होतात. याच कारणावरून जुलै २०२५ मध्ये मुंबईतील कबूतरखाने बंद करण्याचे आदेश निघाले.

मग दाणा चिमणीलाच मिळेल असे काय करावे?

असे पाहा. चिमणीची लांबी सुमारे १५ सें.मी., पारव्याची सुमारे ३३ सें.मी.; म्हणजे २.२ पट. वजन मात्र लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. २.२ चा घन येतो सुमारे १०.६. प्रत्यक्षात चिमणी २५ ग्रॅमच्या आणि पारवा ३०० ग्रॅमच्या आसपास भरतो. आकारातला फरक दुपटीचा, तर वजनातला दहा-बारापटीचा! तेव्हा पक्ष्यांची निवड वजनावर करणे सोपे.

हाच हिशेब चिमणीला भोवतोही. शरीराचा पृष्ठभाग वर्गाच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे दर ग्रॅममागे चिमणीचा पृष्ठभाग पारव्याच्या दुपटीहून अधिक असतो आणि तिची उष्णता भरभर निघून जाते. एक दिवसाचा उपासही तिला जड जातो.

आता उपकरण. दाण्याच्या डब्याला पुढे खिडकी ठेवा. डब्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पट्टी मधोमध स्क्रूने सैल बसवा. हा स्क्रू म्हणजे टेकू. पट्ट्यांची पुढची टोके एका दांडीने जोडा. पक्षी बसेल तो या दांडीवर. दांडी व खिडकी यांच्यामध्ये पट्ट्यांवर पातळ पुठ्ठ्याची झडप लावा. दांडी खाली गेली की झडप खिडकीवर आली पाहिजे. मात्र चोच सापडू नये म्हणून दोहोंत बोटभर फट राहू द्या. मागच्या टोकांना वजन बांधा. ते टोक फार खाली जाऊ नये म्हणून तेथे एक खिळा आधाराला मारा.

वजन किती? प्रथम रिकामी तरफ समतोल करून घ्या. साळुंकीचे वजन शंभर ग्रॅमच्या आगेमागे असते. दोन चिमण्या मिळून ५० ते ६०. म्हणून तरफ ८० ग्रॅमला झुकावी आणि दांडी दोघींपुरतीच, १२ सें.मी. लांब असावी. दांडी टेकूपासून १५ सें.मी.वर असेल, तर ८० × १५ = १२००. मागे १५ सें.मी.वर आणखी ८० ग्रॅम बांधले तरी चालेल, किंवा ५ सें.मी.वर २४० ग्रॅम.

दोन्ही सारखेच? समतोलापुरते होय. पण तरफ फिरू लागताना वजनाचे जडत्व आडवे येते आणि ते अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ८० × २२५ = १८,०००, तर २४० × २५ = ६,०००. जवळचे जड वजन तिपटीने हलके पडते! पारव्याने पहिली चोच मारण्याआधी झडप पडायला हवी, म्हणून मी दुसरी मांडणी निवडीन. स्क्रूला तेलाचा थेंब द्यायला विसरू नका. घर्षणाने सारा हिशेब बिघडतो.

चाचणीला पक्षी नकोत. दांडीला प्लॅस्टिकची पिशवी टांगून मोजून पाणी ओता. १ मिलिलिटर म्हणजे १ ग्रॅम. ६० ला झडप हलता कामा नये, १०० ला पडलीच पाहिजे. पहिले काही दिवस दांडी तारेने घट्ट बांधून ठेवा. पायाखालचे हलले की चिमण्या बिचकतात. आधी त्यांना जागेची सवय होऊ द्या. दाणा रोज संपेल इतकाच घाला, नाहीतर सांडलेल्यावर खाली पारवे जमतीलच. पिल्लांना मात्र किडे लागतात. ते झाडेच पुरवतील.

एक कोडे उरते. खारही शंभरेक ग्रॅमची. दांडीवर बसली तर झडप पडेल. पण ती मागच्या पायांनी छपराला उलटी लटकून खाऊ लागली, तर दांडीवर भारच नाही! छपराचा आकार कसा ठेवाल?