राजीनामा लिहिण्याआधी: कर्करोगातून उठलेल्यांसाठी नोकरीचा धडा

इंझोरीत आरोग्य तपासणीसाठी आम्ही बसलो होतो. गर्दी कमी झाल्यावर एक भाऊ घडी घातलेला कागद घेऊन आले. "ताई, एवढं वाचून द्या. उद्या सही करून ऑफिसात द्यायचं आहे."

भाऊ नगरपरिषदेत सफाई कामगार. नोकरी 22 वर्षांची. खर्रा खाऊन गालाचा कर्करोग झाला. ऑपरेशन झालं, शेक घेतला, दोन वर्षं झाली. तपासणीत गाठ नाही. पण तोंड दोन बोटांएवढंच उघडतं, उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, कचऱ्याची टोपली गाडीत टाकता येत नाही. कागदावर एकच ओळ होती: प्रकृती ठीक नसल्यामुळे मी नोकरीचा राजीनामा देत आहे. कुणीतरी सांगितलं होतं, राजीनामा दिला की पीएफचे पैसे लवकर हातात येतात.

आम्ही म्हटलं, "भाऊ, सही करू नका. आधी बसा."

त्या दिवशी त्यांना जे सांगितलं, तेच आज सगळ्यांसाठी लिहीत आहोत.

रोग गेला, तरी ताकद परत येतेच असं नाही

घरचे म्हणतात, "बरे झाले ना, मग कामावर का जात नाही?" माणूस स्वतःलाच आळशी समजू लागतो. पण उपचारांचे परिणाम मागे राहतात. मानेच्या ऑपरेशननंतर खांदा अडतो. शेकानंतर तोंड कोरडं पडतं, जबडा आखडतो. काही केमोने हातापायाला मुंग्या येतात, काही औषधांचा हृदयावर परिणाम होतो. स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या, तर हात सुजू शकतो. काहींचा थकवा वर्षानुवर्षं जात नाही. हा आळस नाही. डॉक्टरांना प्रत्येक त्रास सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. पुढे हाच कागद कामी येतो.

तीन कागद, तीन वेगळे अर्थ

1. राजीनामा: पीएफमधले स्वतःचे पैसे मिळतात, पण निवृत्तिवेतनासाठी मागची सगळी सेवा बाद होते. भाऊंची 22 वर्षं एका ओळीत गेली असती आणि त्यांच्या मागे पत्नीला मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतनही गेलं असतं.

2. स्वेच्छानिवृत्ती: महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 यातल्या नियम 66 प्रमाणे 20 वर्षांची सेवा झाल्यावर तीन महिन्यांची नोटीस देऊन घेता येते. निवृत्तिवेतन मिळतं.

3. रुग्णता निवृत्ती: शरीराने काम कायमचं होत नाही, असं वैद्यकीय मंडळाने ठरवलं तर मिळते. तिला 20 वर्षांची अट नाही. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्या राज्य सरकारी कर्मचाऱ्यांसाठीही 31 मार्च 2023 च्या शासन निर्णयाने रुग्णता निवृत्तिवेतनाची वाट उघडली आहे.

सफाई कामगारांसाठी आणखी एक गोष्ट. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार 24 फेब्रुवारी 2023 चा सुधारित शासन निर्णय आहे. कामगार निवृत्त झाला, वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरला किंवा वारला, तर अटी पाहून वारसाला नेमण्याची तरतूद त्यात आहे. म्हणून कागदावर कोणता शब्द लिहिला आहे, यावर मुलाची नोकरीही अवलंबून असते.

निवृत्तीच्या आधी हे विचारा

हलकं काम मिळालं तर नोकरी टिकेल का? दिव्यांग हक्क अधिनियम, 2016 चं कलम 20 सांगतं की सेवेत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेने कर्मचाऱ्याला काढू नये. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनावर दुसरं काम द्यावं. कर्करोग त्या कायद्याच्या यादीत नाही. पण कर्करोगाने मागे ठेवलेलं अपंगत्व यादीत बसू शकतं: स्वरयंत्र काढल्याने गेलेली वाचा, निकामी झालेला हात किंवा पाय. त्याचं प्रमाणपत्र काढा.

पंजाबच्या वीज मंडळात एका सहायक लाइनमनची दृष्टी 1994 मध्ये गेली. त्याने स्वतःच मला निवृत्त करा, असं लिहून दिलं. त्या वेळी 1995 चा कायदा लागू झालेला होता. पण त्याला तो कुणी सांगितला नाही. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्याच्या बाजूने दिला. हक्क ठाऊक नसताना लिहिलेल्या अर्जाचा फायदा मंडळाला घेता येणार नाही, असा त्याचा अर्थ. पण त्या घराची चौदा वर्षं गेली.

अर्ज कसा करायचा

- आधी शिल्लक रजा विचारा: अर्जित, अर्धपगारी, परिवर्तित. न कळवता घरी बसू नका, गैरहजेरी लागते.
- सेवापुस्तक पाहा. सेवा किती भरली आणि कोणत्या निवृत्तीत किती मिळेल, हे लेखी मागा.
- रुग्णता निवृत्तीचा अर्ज कार्यालयप्रमुखाकडे द्या, पोच घ्या. त्यांच्या पत्राने वैद्यकीय मंडळापुढे जावं लागतं. खासगी डॉक्टरचा दाखला पुरत नाही.
- मंडळापुढे फक्त "मला कॅन्सर होता" म्हणू नका. रिपोर्ट चांगला असेल तर ते कामास योग्य ठरवतील. रोज कोणतं काम करावं लागतं आणि त्यातलं काय होत नाही, ते सांगा.
- राजीनामा देऊन बसला असाल, तर तो मंजूर होण्याआधी लेखी अर्ज देऊन मागे घ्या. आजच द्या.

सरकारी नोकरी नसेल तर

पुण्या-मुंबईला कारखान्यात असाल आणि पगारातून ईएसआय कापला जात असेल, तर कर्करोगासाठी अटी पूर्ण झाल्यावर दोन वर्षांपर्यंत 80 टक्के वेतन मिळू शकतं. ते संपण्याआधी काम सोडू नका. पीएफ कापला जात असेल आणि नोकरीत असतानाच कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर पेन्शनसाठी दहा वर्षांची अट राहत नाही.

शेतमजुराला निवृत्ती कोण देणार? कर्करोगामुळे कमावता येत नसेल, वय 65 च्या आत आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 21,000 रुपयांपर्यंत असेल, तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून महिन्याला 1,500 रुपये मिळतात. इंझोरीकरांनी अर्ज मानोरा तहसीलमध्ये द्यावा. रक्कम तोकडी आहे, पण ती हक्काची आहे.

भाऊंनी तो कागद आमच्यासमोर फाडला. आधी हलक्या कामाचा अर्ज आम्ही सोबत बसून लिहिला. त्यांना अजून चार वर्षं नोकरी करायची आहे, धाकटी बारावीत आहे. नाही जमलं तर रुग्णता निवृत्ती आहेच.

तुमच्या घरात, शेजारी असं कुणी असेल, तर हा धडा त्यांना वाचून दाखवा. आणि सहीचा कागद आधी विहारात आणा. चार जणांनी वाचल्याशिवाय सही नको.