अर्ध्या तासानंतरची सभा

आमच्या जिल्ह्याच्या करसल्लागार संघटनेचे सभासद तीनशेच्या वर. वार्षिक सर्वसाधारण सभेला वेळेवर येतात वीस-बावीस, त्यातही निम्मे कार्यकारिणीचे. मी जातो. त्या वर्षीही गेलो होतो.

नोटिशीच्या तळाशी ठरलेलं वाक्य होतं: गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेतली जाईल, तिला गणसंख्येची अट राहणार नाही. त्याप्रमाणे वडा-चहा झाला आणि त्याच खुर्च्यांवर त्याच माणसांची सभा पुन्हा सुरू झाली. शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय'. त्यात वाचनालयासाठी ठेवलेली मुदत ठेव मोडून कार्यालय नव्याने सजवायचं ठरलं. सूचक उभे राहिले, अनुमोदकांनी बसल्या जागी हात वर केला. विरोधात आम्ही चौघे. ठराव मंजूर!

पंधरवड्यात फोन सुरू झाले. "आम्हाला विचारलंच कुठे?" विषय नोटिशीत नव्हता, हे खरं. पण 'पैशाचा विषय रीतसर नोटीस काढून पुढच्या सभेत घ्या' म्हणायला आणखी दहा जण उठले असते, तर तो तिथेच गळला असता. सभा सप्टेंबरात ठेवतात ही तक्रारही रास्त आहे. टॅक्स ऑडिटची मुदत ३० तारखेची, ऑफिस सोडणार कोण? मग तारीख बदलायची मागणी तरी लेखी करा. ती आजवर कुणी केलेली नाही.

दिवसभर दुसऱ्यांचे ताळेबंद तपासणारे आम्ही लोक. संघटनेचा अहवाल मात्र पाकिटातून बाहेरही निघत नाही. तो काढा. मुदत ठेवी आणि राखीव निधी गेल्या वर्षीच्या आकड्यांशी ताडून बघा, शंका सचिवांकडे आधीच लेखी द्या. तोंडी प्रश्न 'नंतर बघू'त विरतात. वर्गणी भरलेली असू द्या: संस्था नोंदणी अधिनियम, १८६० च्या कलम १५ प्रमाणे तीन महिन्यांहून जास्त थकबाकी असलेल्याला मत नाही, सभासदांत त्याची गणतीही होत नाही. ठरावाला विरोध केलात, तर तो नावानिशी इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा.

आणि थेट जेवणाच्या वेळीच येणार असाल, तर निदान इतिवृत्ताची प्रत मागून न्या. त्यात चुकीचं काही लिहिलं असेल, तर ते पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करतानाच सांगायचं असतं. तो विषय पत्रिकेवर पहिला असतो, म्हणजे वेळेवर यावं लागेल.