वंगण : हातांचे शास्त्र

नवी पेठेतील दुकानात गिऱ्हाईक सोलापुरी चादरीची घडी उलगडते, तेव्हा आधी डाग शोधते. तेलाचा एक काळा ठिपकाही चादरीचा भाव उतरवतो. हा ठिपका कोठून येतो, याचा शोध घेताना आपण वंगणाच्या शास्त्रापर्यंत पोहोचतो.

एकमेकांवर घासणाऱ्या दोन पृष्ठभागांमध्ये पातळ थर राखून घर्षण व झीज कमी करणे हे वंगणाचे कार्य. गाडीच्या आसाला ओंगण घालणाऱ्या आपल्या पूर्वजांस हे तत्त्व अनुभवाने ठाऊक होते. तेल ओघळून जाते. ग्रीस जागेवर टिकते. ग्रीस म्हणजे साबणाच्या सूक्ष्म जाळीने धरून ठेवलेले तेल होय. कॅल्शियम साबणाचे ग्रीस पाणी सोसते, परंतु अधिक उष्णता सोसत नाही. सोडियमचे उष्णतेत टिकते, पण पाण्याने बिघडते. लिथियमचे दोन्हींत बऱ्यापैकी टिकते. म्हणून बेअरिंगसाठी ते सर्रास वापरतात. घट्टपणानुसार ग्रीसचे 000 पासून 6 पर्यंत नऊ क्रम आहेत; नेहमीच्या वापरात 2 क्रमांक आढळतो.

सूतगिरणीतील चात्या मिनिटाला हजारो फेरे घेतात. त्यांना पातळ तेलच हवे. यंत्रमागाच्या बेअरिंगना व दातेरी चाकांना ग्रीस मानवते. मात्र कमी घातल्यास भाग झिजतो, तर बेअरिंगमध्ये ठासून भरल्यास ते तापते. बाहेर आलेल्या ग्रीसला कापसाचे उडते तंतू चिकटतात आणि तो काळा चिखल कापडावर उतरतो. गिऱ्हाइकाला दिसलेला ठिपका बहुधा तोच!

सोलापुरात पहिली कापडगिरणी 1877 साली सुरू झाली. यंत्रे आली, पण जात सुटली नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खाते अस्पृश्यांस बंद होते. कारण तुटलेला धागा सांधताना तोंडाची लाळ लागे. त्या खात्यात मजुरी अधिक होती. 1928 च्या संपाच्या वेळी ते खाते खुले करण्याची मागणी बाबासाहेबांनी लावून धरली. प्रश्न केवळ मजुरीचा नव्हता. कौशल्य कोणाच्या हाती राहावे, याचाही होता.

म्हणून आमच्या वसतिगृहातील मुलामुलींस आम्ही सांगतो : डब्यावरील क्रमांक वाचा. दोन जातींचे ग्रीस मिसळू नका. ग्रीस भरण्याचे तोंड आधी पुसा. मग खुशाल हात काळे करा. कारण जाणून काम करणाऱ्या हातांस कमी लेखण्याचा अधिकार कोणासही नाही.