फितीवांचून आज्ञावली

ठाकुर्लीचें चोळें वीजगृह आतां बंद आहे. तथापि त्याची आठवण प्रस्तुत विषयाच्या आरंभीं आम्हांस उपयोगी पडते. वाफेच्या एंजिनास आपला कोळसा आपल्याबरोबर वाहावा लागे. १९२९ सालीं कल्याण-पुणें व १९३० सालीं कल्याण-इगतपुरी हे मार्ग विजेवर आले, आणि कोळसा ठाकुर्लीस जळूं लागला. घाटांत पोंचे ती तारेंतून गेलेली शक्ति. मेनफ्रेम नांवाच्या मोठ्या संगणकांच्या आज्ञावलीचेंहि असेंच झालें.

बँका व विमा कंपन्या यांचे अवाढव्य हिशेब हे संगणक करितात. आयबीएम कंपनीनें १९६४ सालीं ‘सिस्टिम/३६०’ जाहीर केला. त्यापुढें कित्येक वर्षें आज्ञावली चुंबकीय फितीवर येई. फीत अर्धा इंच रुंद, २,४०० फूट लांब. पुढें इंचागणिक ६,२५० अक्षरें बसूं लागलीं. वाचकांनीं गुणाकार करून पाहावा : १८ कोटि अक्षरें होतात, आणि मध्यें सोडाव्या लागणाऱ्या मोकळ्या जागेमुळें प्रत्यक्षांत त्याहून कमीच मावत. शिवाय फितीस धूळ व दमट हवा सोसत नसे; आपल्याकडील पावसाळा तर सर्वांस ठाऊकच आहे.

मग आज्ञावली तारेंतून कां धाडूं नये? येथें एक मौजेची अडचण आहे. इंग्रजी मोठ्या ‘ए’ अक्षरास मेनफ्रेम १९३ हा अंक देतो, इतर बहुतेक संगणक ६५ देतात. वाटेंत कोणी हें साधें लिखाण समजून त्याचें भाषांतर केलें, कीं आज्ञावलीचा नाश झालाच! म्हणून ती अंकशः जशीच्या तशी पाठवितात. तत्पूर्वीं तिचे ८०-८० अक्षरांचे तुकडे बांधण्याची जी रीत आहे, ती १९२८ सालच्या ८० रकान्यांच्या छिद्रपत्राची वंशज होय. छिद्रपत्र गेलें, त्याचें माप मात्र राहिलें.

आतां आयबीएमचा ‘एसएमपी/ई’ हा व्यवस्थापक जाळ्यावरून गठ्ठा स्वतःच उतरवून घेतो. ‘रिसीव्ह’ म्हणजे स्वीकारणें, ‘अॅप्लाय’ म्हणजे चालू ग्रंथालयांत बसविणें, ‘अॅक्सेप्ट’ म्हणजे मूळ प्रतींत कायम करणें. तिसरी पायरी होईतों मागें फिरतां येतें; म्हणून ती घाईनें घेऊं नये, असें आमचें मत आहे. बँकेचा व्यवहार एका सदोष दुरुस्तीनें अडला तर ठेवीदारास पैसे मिळत नाहींत.

गठ्ठ्याबरोबर त्याची गणिती अंगुलिमुद्रा येते. एक अक्षर बदललें तरी ती जुळत नाहीं. परंतु लबाडानें गठ्ठा व मुद्रा दोन्ही बदलल्यास काय? त्यासाठीं धाडणाराची अंकीय स्वाक्षरी तपासावी लागते. फितीच्या काळीं हें काम मोहोरबंद पेटीवर सोंपविलें होतें!

कांहीं जुन्या आज्ञावल्या मात्र फीतच मागतात. त्यांच्यापुढें चकतीवर ठेवलेली फितीची प्रतिमा मांडतात, व त्यांस फरक कळत नाहीं. आणि जे संगणक सुरक्षिततेस्तव बाहेरच्या जाळ्याशीं जोडलेलेच नसतात, त्यांच्याकरितां गठ्ठा दुसऱ्या यंत्रावर उतरवून, तपासून, डीव्हीडीवर घालून कोणीतरी हातांत घेऊन जातो.