आधी इको, मग कार्ड

अगं, साहेबांनी तीन कोटेशनं पुढ्यात टाकून "सोमवारपर्यंत सांग, कुठलं डिजिटायझर कार्ड घ्यायचं" म्हटलं, हे ऐकून मला आधी आनंदच झाला. इतक्या लवकर असा निर्णय कुणी हातात देत नाही. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. फक्त तुझा प्रश्न थोडा बाजूला ठेवूया. "ताई, सेकंदाला शंभर कोटी नमुने घेणारं चांगलं की दहा कोटी घेणारं?" याला उत्तरच नाही गं. कार्ड कशासाठी, हे ठरल्याशिवाय त्यातला कुठलाच आकडा मोठाही नसतो आणि लहानही नसतो. म्हणून ती कोटेशनं मिटून ठेव, कोरा कागद घे आणि तुझ्या अल्ट्रासोनिक तपासणीच्या टाकीतल्या सिग्नलबद्दल जे जे माहीत आहे ते लिहून काढ. प्लेट, पाणी, प्रोब, सगळं.

तू सांगितलंस त्यावरून मीच सुरुवात करते. प्रोब ५ मेगाहर्ट्झचा. त्याची बँडविड्थ ६० टक्के धरली तर ऊर्जा साधारण साडेतीन ते साडेसहा मेगाहर्ट्झमध्ये. पोलादाची प्लेट ४० मिलिमीटर जाड. पोलादात ध्वनी सेकंदाला सुमारे ५९०० मीटर धावतो, म्हणजे मायक्रोसेकंदाला ५.९ मिलिमीटर. जाऊन-येऊन ८० मिलिमीटर, तेव्हा बॅक इको पुढच्या पृष्ठभागाच्या इकोनंतर साडेतेरा मायक्रोसेकंदांनी येणार. प्रोब आणि प्लेट यांच्यामध्ये ५० मिलिमीटर पाणी. पाण्यात वेग १४८० च्या आसपास, म्हणून पहिला इको यायलाच ६७ मायक्रोसेकंद जातात. बस, एवढ्या चार ओळींवर आपला बराचसा निर्णय होतो. बघ कसा.

नमुन्यांचा वेग आधी घेऊ, कारण विक्रेता तिथूनच सुरुवात करतो. नायक्विस्टने १९२८ मध्ये आणि शॅननने १९४९ मध्ये जे मांडलं ते तू कॉलेजात शिकलीस: सर्वांत वरच्या वारंवारतेच्या दुपटीहून जास्त वेगाने नमुने घेतले की सिग्नलमधलं काही हरवत नाही. खरं आहे. पण तुझ्या कामात तुला स्क्रीनवर इकोचं टोक वाचायचंय, त्या उंचीवरून दोष किती मोठा ते ठरतं. एका आवर्तनात चारच नमुने पडले आणि ते टोकाच्या दोन्ही बाजूंना सारखे पडले, तर वाचलेली उंची खऱ्याच्या ७१ टक्के येते. तीन डेसिबल गेले! मधले बिंदू गणिताने भरून काढता येतात, मान्य. पण रोजच्या तपासणीत, घाईत, ते कोण करतंय? आवर्तनात वीस नमुने असतील तर वाईटात वाईट चूक सव्वा टक्क्याच्या आत राहते. ५ मेगाहर्ट्झला वीस नमुने म्हणजे सेकंदाला १० कोटी, कोटेशनच्या भाषेत १०० मेगासॅम्पल. तुझं उत्तर इथेच आहे. १० मेगाहर्ट्झचा प्रोब पुढे येणार असेल तर २०० किंवा २५० घे. एक गिगासॅम्पलवाल्या कार्डात बहुधा बिट कमी मिळतात, आणि बिटांची तुला जास्त गरज आहे. तिकडे येतेच.

त्याआधी एक गोष्ट विचारून घे, कारण ती कुणी आपणहून सांगत नाही. कार्डाच्या तोंडाशी, नमुने घेण्याआधी, गाळणी आहे का? १०० मेगासॅम्पलच्या कार्डाला ९५ मेगाहर्ट्झची लहर आणि ५ मेगाहर्ट्झची लहर यांत फरक करता येत नाही. नमुन्यांत दोन्ही सारख्याच दिसतात. आणि एफएम रेडिओचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ. केबलचं शिल्डिंग ढिलं असेल तर आसपासच्या रेडिओचा काही अंश नेमका तुझ्या इकोच्या जागी येऊन बसेल, आणि एकदा नमुने घेऊन झाले की कुठलंही सॉफ्टवेअर तो वेगळा काढू शकत नाही. कार्डाची अॅनालॉग बँडविड्थ जितकी जास्त तितकं बरं, असं तुला कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. तुला २० मेगाहर्ट्झच्या वरचं सगळं थोपवणारी गाळणी हवी. कार्डात ती चालू-बंद करता येते का ते विचार. नसेल तर बाहेरून लावता येते, फार खर्च नाही.

आता बिट. इथे मला तुझं पूर्ण लक्ष हवंय.

पाण्यातून पोलादावर आपटलेल्या लहरीचा ९० टक्क्यांहून अधिक भाग उंचीच्या हिशेबाने तिथूनच परत फिरतो. तो पहिला इको प्रचंड. त्यानंतर प्लेटच्या आत एखादी बारीक चीर असेल तर तिचा इको त्याच्या शंभराव्या भागाएवढा, कधी त्याहूनही लहान. दोन्ही एकाच नोंदीत, एकाच रेंजमध्ये पकडायचे. ट्रकच्या वजनकाट्यावर, ट्रक न उतरवता, चिमूटभर केशर मोजण्यासारखं आहे हे. ८ बिटांच्या कार्डात एकूण पायऱ्या २५६. शून्याच्या वर-खाली निम्म्या-निम्म्या. मोठ्या इकोने १२७ पायऱ्या भरल्या तर चिरेच्या वाट्याला जेमतेम एक येते. एका पायरीवरून दोष आहे की नाही हे तू सांगणार, आणि ती प्लेट उद्या एखाद्या दाबपात्रात जाणार! १४ बिटांत पायऱ्या १६,३८४. त्याच चिरेला ऐंशीच्या वर मिळतात. म्हणून १४ बिटांच्या खाली येऊ नकोस. पर्चेसवाले किमतीवरून कितीही ओढाताण करोत, या मुद्द्यावर हटायचं नाही.

पण १४ छापलेत म्हणून १४ मिळतात असंही नाही. कार्डाचा स्वतःचा गोंगाट खालचे काही बिट खाऊन टाकतो. डेटाशीटमध्ये इनॉब शोध, म्हणजे प्रत्यक्ष कामाला येणारे बिट. तो दिला नसेल तर सिनाड नावाचा आकडा असेल, त्यातून १.७६ वजा कर आणि ६.०२ ने भाग. सिनाड ६२ डेसिबल असेल तर बरोबर १० बिट हाती लागतात. आणि हा आकडा कुठल्या वारंवारतेला मोजलाय ते बघ. १ मेगाहर्ट्झला मोजून छान आकडा छापतात; तुला ५ चा हवाय, त्याहून वरचा मिळाला तर उत्तम. क्लॉकच्या थरथरीबद्दलही विक्रेता बरंच बोलेल. एक पिकोसेकंद थरथर असली तर १०० मेगाहर्ट्झच्या सिग्नलला ६४ डेसिबलची मर्यादा पडते; तुझ्या ५ मेगाहर्ट्झला तीच मर्यादा ९० वर जाते. त्यासाठी जादा पैसे मोजू नकोस.

जे कागदावर एका ओळीत उरकतात आणि रोज भोगावं लागतं ते म्हणजे ट्रिगर. तुझा पल्सर सेकंदाला हजार ठोके देणार. प्रत्येक ठोक्यानंतर पहिले ६७ मायक्रोसेकंद फक्त पाणी आहे. ते नोंदवून काय करायचं? ट्रिगरनंतर ठरावीक वेळ थांबून नोंद सुरू करण्याची सोय कार्डात हवी. नंतर २० मायक्रोसेकंदांची खिडकी उघडली की दोन्ही इको त्यात येतात. एक नोंद संपल्यावर पुढच्या ट्रिगरसाठी कार्ड किती वेळात तयार होतं तेही विचार, आणि मेमरीचे तुकडे पाडून एकामागून एक नोंदी साठवता येतात का तेही. हे नसेल तर मधले ठोके गुपचूप गळतात, स्कॅनच्या चित्रात फट पडते, आणि नेमकी त्या फटीत चीर असली तर?

आणखी एक. पल्सर स्वतःच्या लयीत ठोके देत राहिला आणि कार्डाचं क्लॉक स्वतःच्या लयीत, तर ट्रिगर दोन नमुन्यांच्या मध्ये कुठेही पडतो. १० नॅनोसेकंदांची ही अनिश्चितता पोलादात ०.०३ मिलिमीटर होते. जाडी मोजताना शेवटचा आकडा नाचत राहील आणि सगळे प्रोबला दोष देतील. उपाय साधा आहे: कार्डाकडूनच ट्रिगर बाहेर काढून पल्सरला द्यायचा, म्हणजे दोघं एकाच क्लॉकवर चालतात. त्यासाठी कार्डाला ट्रिगर-आउट असायला हवं. हे नक्की, नक्की बघ. तेवढं जमलं की १६ नोंदींची सरासरी काढून गोंगाट चौथ्या भागावर आणता येतो, आणि ही सरासरी कार्डावरच होत असेल तर फारच छान.

डेटाच्या वेगाची चिंता मात्र सोड. एका नोंदीत २००० नमुने, प्रत्येकी दोन बाइट. हजार ठोक्यांचे मिळून सेकंदाला ४ मेगाबाइट. जुन्या पीसीआय स्लॉटलासुद्धा हे जड नाही, त्याची कमाल १३३ होती. "सलग गिगाबाइटने स्ट्रीमिंग" हे ज्याला लागतं त्याला लागतं. आपल्या नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे ना, तिथे ४५ मीटरच्या ३० तबकड्या, प्रत्येकीचे दोन सिग्नल, आणि आता ४०० मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा. नमुन्याला एक बाइट धरला तरी सगळ्यांचे मिळून सेकंदाला ४८ गिगाबाइट होतात, आणि आकाश काही ट्रिगर देत नाही, म्हणून ते सतत घ्यावं लागतं. त्यांची गरज वेगळी, तुझी वेगळी. तुझ्या कोटेशनमधलं स्ट्रीमिंगचं पॅकेज काढायला सांग, किंमत खाली येईल. ते पैसे बिटांकडे वळव.

इनपुटबद्दल थोडक्यात पण कळकळीने सांगते. पल्सर प्रोबला शेकडो व्होल्टचा ठोका देतो आणि कार्डाचं तोंड एखाद-दोन व्होल्टचं असतं. प्रोबची केबल थेट कार्डाला कधीही लावायची नाही. रिसीव्हरमधून, लिमिटरमधून आलेलाच सिग्नल लावायचा. कार्डाजवळ मोठ्या अक्षरांत लिहून चिकटव, कारण तू रजेवर असताना दुसरं कुणीतरी केबल बदलणारच. रिसीव्हर ५० ओहमचा असेल तर कार्डही ५० ओहमवर ठेव. उंची निम्मी होईल, तो हिशेब आधीच धर.

डेमोला विक्रेता स्वतःचा लॅपटॉप आणि सिग्नल जनरेटर घेऊन येईल आणि सुंदर साइन लहर दाखवेल. तू नम्रपणे म्हण, "आमच्या पीसीत लावा, आमच्या प्रोबवर दाखवा." कॅलिब्रेशनचा व्ही-वन ब्लॉक आहेच लॅबमध्ये. त्याची २५ मिलिमीटरची बाजू घे. बॅक इको साडेआठ मायक्रोसेकंदांच्या अंतराने एकामागून एक यायला हवेत. मग शेजारची क्रेन सुरू करायला सांग. तिच्या मोटारीच्या ड्राइव्हचा गोंगाट खालच्या रेषेत किती चढतो ते बघ, कारण रोज तसंच काम करायचंय. लायब्ररी कुठल्या भाषेतून चालते, पीसीची सिस्टीम बदलली तर ड्रायव्हर मिळत राहील का, हे तोंडी मानू नकोस, ईमेलवर घे.

त्या खोलीत तू वयाने सर्वांत लहान असशील, बहुतेक एकटीच मुलगी. कुणी तुला डावलून साहेबांकडे बघत उत्तर दिलं तर प्रश्न पुन्हा विचार, तोच, शांतपणे. "५ मेगाहर्ट्झला इनॉब किती?" आकडा येईपर्यंत थांब. तुझ्या कागदावरचे आकडे तू स्वतः काढलेले आहेत, ते तुझ्याइतके त्या खोलीत कुणालाच माहीत नाहीत.

डेमो झाला की तिन्ही कार्डांच्या नोंदी मला पाठव. स्क्रीनचे फोटो नकोत गं, कच्ची फाइल पाठव, क्रेन चालू असतानाची आणि बंद असतानाची दोन्ही. रात्री जेवण झाल्यावर फोनवर बसून मिळून बघू.