रुळांवरील भाषा

बारामती तालुक्याच्या पश्चिम भागात नीरा-बारामती रस्त्यावर कोऱ्हाळे बुद्रुक हे गाव वसले आहे. गावातून आगगाडी जात नाही. तथापि गावच्या पश्चिमेस पुणे-मिरज मार्गावरील नीरा स्थानक आहे आणि पूर्वेस, दौंडहून येणाऱ्या फाट्याच्या टोकाला, बारामती स्थानक आहे. हे दोन्ही मार्ग प्रथम घातले गेले, तेव्हा ते अरुंद आणि एकेरी होते. एकेरी मार्ग म्हणजे जाणाऱ्या आणि येणाऱ्या गाड्यांना मिळून रुळांची एकच जोडी.

समोरून गाडी येताना दिसली की बैलगाडीवाला आपली गाडी रस्त्याच्या कडेला घेतो. आगगाडीला अशी कड घेता येत नाही. शिवाय भरधाव चाललेली भरलेली मालगाडी ब्रेक लावताच जागच्या जागी उभी राहत नाही. तिला थांबण्यास सुमारे एक किलोमीटर अंतर लागते. समोरचे इंजिन दिसेपर्यंत वाट पाहणे म्हणजे संकटाला आमंत्रणच होय! म्हणून दृष्टीच्या पलीकडचे वर्तमान चालकाला आधीच कळावे, यासाठी रेल्वेने खुणांची एक स्वतंत्र भाषा घडविली.

एकेरी मार्गावर या भाषेतील सर्वांत मोलाचा शब्द म्हणजे एक पोलादी गोळा. लगतच्या दोन स्थानकांत तारेने जोडलेली दोन यंत्रे असत आणि त्यांत असे गोळे भरलेले असत. गाडी सोडावयाची झाली की स्टेशनमास्तर घंटेच्या ठरावीक ठोक्यांनी पुढील स्थानकाला विचारी. तेथून संमती आली, तरच यंत्रातून एक गोळा बाहेर पडे. तो पुन्हा दोहोंपैकी एका यंत्रात पडेपर्यंत दुसरा गोळा निघतच नसे. साहजिकच एका वेळी त्या टप्प्यात एकच गाडी जाऊ शके. वेताच्या मोठ्या कड्याला बांधलेल्या चामड्याच्या पिशवीत हा गोळा घालून तो चालकाच्या स्वाधीन करीत. न थांबणाऱ्या गाडीच्या इंजिनातून हात बाहेर काढून, चालत्या गाडीत ते कडे दंडात अडकवून घेणे हे मोठ्या कौशल्याचे काम होते. आता बहुतेक मार्गांवर हे काम विजेची यंत्रे आणि रंगीत दिवे करतात.

यंत्र कितीही चोख असले, तरी ते हाताळणारा माणूस जागरूक हवा. वेल्समधील अ‍ॅबरम्यूल स्थानकावर २६ जानेवारी १९२१ रोजी काय घडले ते पाहा. तेथेही मार्ग एकेरी होता आणि गोळ्याऐवजी टप्प्याचे नाव कोरलेला बिल्ला वापरीत. एक गाडी आली. चालकाने मागील टप्प्याचा बिल्ला एका १५ वर्षांच्या उमेदवार मुलाच्या हाती दिला. मुलाने तो स्टेशनमास्तरच्या जागी काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याला दिला. हा पुढील टप्प्याचाच बिल्ला, असे समजून त्या अधिकाऱ्याने तो चालकाला परत केला. चालकानेही त्यावरील अक्षरे वाचली नाहीत. नाव वाचावयास एक क्षण पुरला असता! समोरून जलद गाडी निघालेली होती. त्या टकरीत १७ माणसे प्राणास मुकली.

मार्गाच्या कडेला उभे असलेले सिग्नल ही या भाषेची ठळक अक्षरे होत. जुन्या पद्धतीच्या सिग्नलच्या खांबावर तांबडा हात असे. हात आडवा असला की थांबावयाचे आणि तो खाली झुकला की पुढे जावयाचे. ‘सिग्नल पडला’ हा बोलीतील शब्दप्रयोग त्यावरूनच रूढ झाला. हा हात लांबच्या लांब तारेने ओढला जाई. ती तार तुटली तर? हाताची व वजनाची योजना अशी केलेली असे, की तार तुटताच हात आपोआप आडवा होई. म्हणजे यंत्र बिघडले, तरी ते ‘थांबा’ असेच सांगे. आजच्या दिव्यांनाही हाच नियम आहे. जेथे दिवा असावयास हवा तेथे तो विझलेला दिसला, तर चालकाने ‘जाण्यास हरकत नाही’ असा अर्थ काढावयाचा नसतो. खूण नसणे ही धोक्याचीच खूण मानावी लागते.

इंजिनात चालक व त्याचा सहायक दोघेही सिग्नल पाहतात आणि त्याचा रंग एकमेकांना मोठ्याने सांगतात. एकाच्या डोळ्यांना दुसऱ्याच्या डोळ्यांची साक्ष लागते. गाडीच्या शेवटी असणाऱ्या गार्डला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात. आज त्याच्याशी बिनतारी यंत्रावरून बोलता येते. पण शिट्टीची भाषा अजून टिकून आहे. तीन आखूड शिट्ट्या म्हणजे ‘गार्डने ब्रेक लावावा’ आणि चार आखूड शिट्ट्या म्हणजे ‘गाडी पुढे जाऊ शकत नाही’. फाटकापूर्वी पिवळ्या फलकावर ‘सी/फा’ ही अक्षरे दिसली, की चालक लांब शिट्टी देतो. ही सूचना गाडीतील माणसांसाठी नव्हे, तर फाटकातून जाणाऱ्यांसाठी असते.

दिवे आणि यंत्रे जेथे पुरत नाहीत, तेथे पायी चालणारा माणूस लागतो. कोकण रेल्वेवर २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ रुळांवर दरड कोसळली होती. गाडी तिच्यावर आदळली आणि ५० हून अधिक प्रवासी दगावले. पावसाळ्यात या मार्गावर गाड्या वेगळ्या वेळापत्रकाने, कमी वेगाने धावतात आणि गस्तवाले रात्रभर रूळ तपासत हिंडतात.

गस्तवाल्याजवळ कंदील आणि रुळांवर ठेवावयाचे फटाके असतात. मार्ग अडलेला दिसला, तर तांबडा दिवा दाखवीत तो येणाऱ्या गाडीच्या दिशेने धावत सुटतो. ब्रॉडगेज मार्गावर अडथळ्यापासून ६०० मीटरवर तो एक फटाका ठेवतो आणि १,२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन. चाकाखाली फटाका वाजला, की चालकाने सावध होऊन, अडथळ्याअलीकडे थांबता येईल अशा तयारीने गाडी चालविली पाहिजे. तांबडा दिवा विझलाच, तर साधा पांढरा दिवा जोराने हलविला, तरी त्याचा अर्थ ‘थांबा’ असाच होतो.

आपल्या हद्दीच्या टोकाला दोन गस्तवाले भेटतात आणि जवळच्या वह्यांची अदलाबदल करतात. पुढचा मार्ग पाहिला गेला, याचा तो पुरावा असतो. गस्तवाला ठरल्या वेळी स्थानकावर आलाच नाही, तर स्टेशनमास्तर त्या बाजूला निघणारी गाडी थांबवितो आणि सावकाश, सावधपणे जाण्याचा लेखी हुकूम चालकाच्या हाती देतो.